सरोगसी करायची आहे? नाशिककरांनो, आधी कागद, मग क्लिनिक

“सरोगसीला नाशिकमध्ये किती खर्च येतो?” बहुतेकांची चौकशी या प्रश्नापासून सुरू होते आणि पहिली चूकही तिथेच होते. आपल्यासाठी गर्भ वाढवणाऱ्या बाईला, म्हणजे सरोगेटला, मोबदला देऊन मूल मिळवणं भारतात आज गुन्हा आहे. त्यामुळे “सगळं पॅकेज आमच्याकडे” म्हणणारं क्लिनिक स्वस्त असो की महाग, ते बेकायदाच. कायद्याने जी सरोगसी चालते तिचा रस्ता वेगळा आहे. तो सिव्हिल हॉस्पिटल, न्यायालय आणि विमा कंपनीवरून जातो आणि ऑपरेशन थिएटरपर्यंत सगळ्यात शेवटी पोचतो. त्या रस्त्यावर कुठे काय लागतं, तेवढंच इथे सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी

वीस वर्षांपूर्वी चित्र उलटं होतं. गुजरातमधलं आणंद पैसे देऊन होणाऱ्या सरोगसीसाठी जगभर ओळखलं जायचं. परदेशी जोडपी यायची, बायका नऊ महिने क्लिनिकच्या वसतिगृहात राहायच्या, पैसे घ्यायच्या आणि घरी जायच्या. २००८ मध्ये तिथेच एका जपानी जोडप्यासाठी सरोगेटने मुलीला जन्म दिला, पण जन्माआधीच त्या जोडप्याचा घटस्फोट झाला होता. तान्ह्या पोरीला देशाबाहेर न्यायचं कुणी आणि कोणत्या कागदावर, यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी आजी तिला जपानला घेऊन गेली. पुढे २०१५ मध्ये परदेशी जोडप्यांना दार बंद झालं. मग सरोगसी (नियमन) कायदा, २०२१ आला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याचे नियम जून २०२२ मध्ये आले. आयव्हीएफ (प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याचे उपचार) केंद्रं आणि बीजदान यांच्यासाठीचा जोडकायदाही त्याच सुमारास आला. म्हणून २०२२ च्या आधी कुणाच्या मावसभावाने सरोगसी केली असेल, तर त्याचा अनुभव आज तुमच्या कामाचा नाही.

पायरी १: खरंच सरोगसी लागणार आहे का?

पाळीच्या तक्रारी, पीसीओडी, एक-दोन आयव्हीएफ फेल गेले म्हणून कुणी सरोगसी सुचवत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. कायद्याला ‘वैद्यकीय गरज’ लागते आणि ती नियमांत स्पष्ट लिहिली आहे. जन्मतःच गर्भपिशवी नसणं, ती फारच लहान किंवा सदोष असणं, आतून चिकटलेली असणं, किंवा कर्करोगासारख्या कारणाने काढून टाकलेली असणं, हे एक. वारंवार आयव्हीएफ किंवा इक्सी (स्त्रीबीजात शुक्राणू थेट टोचण्याची पद्धत) करूनही गर्भ न रुजणं. कारण न सापडता पुन्हा पुन्हा गर्भपात होणं. आणि गरोदरपण निभावणंच जिवावर बेतेल असा आजार असणं.

करिअर, फिगर, बाळंतपणाची भीती ही कारणं यादीत नाहीत. ती मोडीत काढायची की नाही यावर वाद घाला, पण सिव्हिलमधल्या जिल्हा वैद्यकीय मंडळासमोर तो वाद घालण्यात अर्थ नाही.

पायरी २: तुम्ही अटींत बसता का?

हे घरी बसूनच तपासा, एक पैसाही खर्च न करता.

जोडपं कायदेशीर विवाहित, भारतीय, स्त्री-पुरुष असावं. पत्नीचं वय २३ ते ५० आणि पतीचं २६ ते ५५. हे वय पात्रतेचा दाखला मिळण्याच्या दिवशी मोजतात, अर्ज टाकण्याच्या दिवशी नाही. पत्नी ४९ पूर्ण असेल तर हे वाक्य पुन्हा वाचा, कारण कागदांना वेळ लागतो.

हयात मूल नसावं. पोटचं नको, दत्तक नको, सरोगसीचंही नको. अपवाद एकच: मूल शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या विकलांग असेल, किंवा त्याला कायमचा बरा न होणारा जीवघेणा आजार असेल आणि तसं जिल्हा वैद्यकीय मंडळाने लिहून दिलं असेल. ‘एक आहे, दुसऱ्यासाठी करू’ हे चालत नाही. दत्तकाचाही विचार करत असाल तर आत्ताच लक्षात घ्या, की दत्तक मूल घरी आलं की सरोगसीचा मार्ग बंद होतो.

एकट्या स्त्रियांपैकी विधवा किंवा घटस्फोटित, ३५ ते ४५ वयाच्या, एवढ्यांनाच परवानगी आहे. अविवाहित स्त्री, एकटा पुरुष, लिव्ह-इनमधलं जोडपं, समलिंगी जोडपं यांना कायदा आज परवानगी देत नाही. हे मला पटतं का, तर नाही पटत. पण “साहेब, करून देतो, फक्त लग्नाचं सर्टिफिकेट बनवू” म्हणणारा माणूस भेटला तर तो तुम्हाला तुरुंगाकडे नेतो आहे.

एक गट मात्र वेगळा. २५ जानेवारी २०२२ च्या आधीच उपचार सुरू करून ज्यांनी गर्भ गोठवून ठेवले होते, त्यांना नव्या वयोमर्यादा लावता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं. तुम्ही त्यात मोडत असाल तर जुन्या क्लिनिकमधून तारखेसह पूर्ण फाइल मागवा. आयव्हीएफच्या पावत्यासुद्धा टाकू नका.

पायरी ३: क्लिनिक तपासा

गंगापूर रोड, कॉलेज रोड, शरणपूर रोड अशा भागांत आयव्हीएफच्या पाट्या दिसतात. पण पाटी असली म्हणजे तिथे सरोगसी करता येते असं नाही. आयव्हीएफ केंद्राची नोंदणी वेगळी आणि सरोगसी क्लिनिकची वेगळी. पहिलं नोंदणीपत्र दाखवून दुसरं काम करणारे असू शकतात.

नोंदणीपत्र क्लिनिकमध्ये सहज दिसेल अशा जागी लावणं बंधनकारक आहे. ते तीन वर्षांपुरतं असतं, म्हणून तारीख बघा. रिसेप्शनच्या मागे फ्रेममध्ये चार-पाच सर्टिफिकेटं असतात, त्यातल्या बऱ्याचशा डॉक्टरांच्या पदव्या आणि परिषदांच्या शाली-नारळाच्या आठवणी असतात. तुम्हाला हवा असलेला कागद ‘सरोगसी क्लिनिक’ असं म्हणतो. तो दिसला नाही तर सरळ विचारा. नोंदणीकृत केंद्रांची यादी एआरटी (आयव्हीएफसारखे उपचार) आणि सरोगसीच्या राष्ट्रीय नोंदणीच्या संकेतस्थळावर असते. तिच्याशी नाव आणि पत्ता दोन्ही ताडून बघा, कारण एकाच नावाच्या दोन शाखांपैकी एकीचीच नोंदणी असू शकते. नाशिकमधलं सोयीचं केंद्र यादीत नसेल तर मुंबई-पुण्याच्या केंद्रात जावं लागेल, पण मग सरोगेटला समृद्धीवरून किंवा कसाऱ्यातून किती वेळा जा-ये करावी लागेल याचा विचार आधीच करा.

स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, एम्ब्रियोलॉजिस्ट (प्रयोगशाळेत गर्भ हाताळणारे तज्ज्ञ) आणि समुपदेशक एवढी माणसं सरोगसी क्लिनिकमध्ये असलीच पाहिजेत. “तुमचे समुपदेशक कोण आणि ते कुठल्या वारी बसतात?” हा माझा आवडता प्रश्न आहे. उत्तर यायला वेळ लागला तर समजून घ्या.

फोनवर साधारण असं बोलणं होतं: “मॅडम, सरोगेट रेडी आहे, बाहेरगावची आहे, लीगल सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त येऊन सही करा.” या एका वाक्यात कायद्याविरुद्धच्या किमान दोन गोष्टी आहेत. क्लिनिकने सरोगेट पुरवणं, त्यासाठी एजंट ठेवणं, जाहिरात करणं, हे सगळं व्यावसायिक सरोगसीच्या कलमात येतं. त्याला १० वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. जोडप्यालाही सूट नाही. पैसे देऊन सरोगसी करायला गेलात तर पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर १० वर्षं आणि १० लाखांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे आणि आपसात मिटवता येत नाही.

“मुलगाच होईल” असा इशारा कुणी दिला तर तिथून उठा. सरोगसीतही लिंगनिवड गुन्हाच आहे.

पायरी ४: सरोगेट

सगळ्यात अवघड पायरी ही आहे आणि कायद्याने ती पूर्णपणे तुमच्या घरावर टाकली आहे.

अटी अशा. तिचं लग्न झालेलं असावं. आज ती विधवा किंवा घटस्फोटित असली तरी चालेल. तिला स्वतःचं मूल असावं. गर्भ सोडण्याच्या, म्हणजे तो तिच्या गर्भपिशवीत ठेवण्याच्या, दिवशी तिचं वय २५ ते ३५ असावं. आयुष्यात तिने हे एकदाच करावं. शरीराने आणि मनाने ती सक्षम आहे असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं. तिचं स्वतःचं स्त्रीबीज वापरता येत नाही, म्हणजे बीजाच्या अर्थाने ती बाळाची आई नसते. घरातल्या मोठ्यांना ही शेवटची गोष्ट दोनदा सांगा. “बाळ कुणासारखं दिसेल?” ही कुजबुज तिथेच थांबते.

ती नातेवाईकच असली पाहिजे असा समज पक्का बसला आहे. विधेयकाच्या आधीच्या मसुद्यात ‘जवळची नातेवाईक’ अशी अट होती, पण झालेल्या कायद्यात ‘स्वेच्छेने तयार असलेली स्त्री’ असं आहे. मैत्रीण, शेजारीण चालते. प्रत्यक्षात मात्र पैसे न घेता एवढं करायला कोण येणार? बहीण, जाऊ, नणंद, मामेबहीण. म्हणून शोध नात्यातच फिरतो.

आणि धोकाही तिथेच आहे. बाजार बंद केला म्हणून दबाव बंद झाला असं होत नाही. समुपदेशकाच्या खोलीतलं एक दृश्य नेहमीचं आहे. धाकट्या जावेला विचारतात, “ताई, तुम्ही कधी ठरवलं?” आणि उत्तर सासूबाई देतात: “ती आपलीच आहे हो, तिला काय विचारायचं!” जाऊ मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली असते. अशा वेळी चांगला समुपदेशक सगळ्यांना बाहेर बसवतो. तो बसवत नसेल तर तुम्ही स्वतः बाहेर जा आणि सासूबाईंनाही घेऊन जा. तिचा नवरा शेतीसाठी तुमच्याकडून उसने पैसे घेऊन बसला असेल, किंवा ती तुमच्याच दुकानात कामाला असेल, तर मी म्हणेन तिला विचारूच नका. कायदाही याबाबतीत बाईच्या बाजूने उभा आहे: बेकायदा सरोगसी उघड झाली, तर नवऱ्याने, जोडप्याने किंवा नातेवाइकांनीच तिला भाग पाडलं असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे सिद्ध करणं मग त्यांच्यावर येतं.

पैशांचं काय? उपचारांचा खर्च, नियमांत सांगितलेले इतर खर्च आणि विमा एवढंच देता येतं. त्यापलीकडे रोख किंवा वस्तू, बक्षीस किंवा फायदा, काहीही दिलं तर ते व्यावसायिक ठरतं. ओटी भरताना दिलेल्या साडीवरून कुणी कोर्टात जाईल असं मला वाटत नाही, पण “झाल्यावर दोन गुंठे तुझ्या नावावर करतो” हे कलमात बसतं. दवाखान्याची बिलं थेट दवाखान्याला द्या, ऑनलाइन द्या आणि पावत्या एका फाइलमध्ये लावा. प्रवास, आहार, बुडालेली मजुरी अशा खर्चांबद्दल आधी वकिलाला लेखी विचारा. हातात पाकीट देऊ नका.

तिला विचारताना एक गोष्ट तिच्या हातात ठेवा: गर्भ सोडण्याच्या आधी कुठल्याही क्षणी ती नाही म्हणू शकते. हा तिचा कायदेशीर हक्क आहे. तो तिला वकिलाकडून नाही, तुमच्या तोंडून कळावा.

पायरी ५: कागद

चार ठिकाणी चार कागद. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या दाखल्याला मागचा लागतो.

*सिव्हिल.* त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून सुरुवात करा. जिल्हा वैद्यकीय मंडळ तिथल्या प्रमुखांच्या अध्यक्षतेखाली असतं, सोबत स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असतात. सरोगसीची वैद्यकीय गरज आहे, हा दाखला हेच मंडळ देतं. पिशवी काढली असेल तर ऑपरेशनच्या नोंदी, पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड न्या. जन्मतः पिशवी नसेल तर सोनोग्राफी आणि एमआरआय. आयव्हीएफ फसले असतील तर प्रत्येक सायकलचा सारांश क्लिनिकच्या लेटरहेडवर, नुसत्या चिठ्ठ्या नकोत. झेरॉक्सचे तीन संच करा. अर्ज दिला की आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

*न्यायालय.* जोडपं आणि सरोगेट, दोघांच्या वतीने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा त्यावरच्या न्यायालयात अर्ज करायचा असतो. होणाऱ्या बाळाचे पालक कोण आणि ताबा कुणाचा, याचा आदेश गर्भधारणेच्या आधीच मिळवायचा. पुढे बाळ झाल्यावर हाच आदेश जन्माचं शपथपत्र म्हणून चालतो. शहरातल्यांसाठी सीबीएसजवळचं जिल्हा न्यायालय आहे. निफाड, मालेगावसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी अर्ज कुठे पडेल ते वकिलाला विचारावं. दिवाणी जमिनींची कामं करणारा ओळखीचा वकील असतोच, पण या कामासाठी कौटुंबिक प्रकरणं हाताळणारा बघा.

*विमा.* सरोगेटच्या नावाने ३६ महिन्यांचा आरोग्य विमा. गरोदरपणातल्या गुंतागुंतींसह बाळंतपणानंतरचे त्रासही त्यात यायला हवेत. आयआरडीएआय या विमा नियामकाची मान्यता असलेल्या कंपनीचा किंवा एजंटचा असावा. ‘मॅटर्निटी एक महिन्यानंतर बंद’ अशी पॉलिसी कुणी गळ्यात मारली तर ती या कामाला उपयोगाची नाही, म्हणून बारीक अक्षरातली पानं एजंटसमोर बसून वाचा. सोबत जोडप्याने न्यायदंडाधिकारी किंवा नोटरीसमोर हमीचं शपथपत्रही करायचं असतं.

*समुचित प्राधिकारी.* वरचे तिन्ही कागद जोडून समुचित प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे या कायद्याखाली राज्याने नेमलेल्या यंत्रणेकडून, दाखले मिळवायचे. एक, सरोगसीची गरज असल्याचा. दुसरा, जोडपं पात्र असल्याचा. तिसरा, सरोगेट पात्र असल्याचा. हे हातात येईपर्यंत क्लिनिकने सरोगेटवर कसलेही उपचार सुरू करायचे नसतात. अर्ज नाकारला तर ३० दिवसांच्या आत राज्य सरकारकडे अपील करता येतं. नकाराचं पत्र ज्या दिवशी हातात पडलं ती तारीख पाकिटासकट जपून ठेवा.

आता नावांबद्दल, कारण फायली अडकतात त्या बहुतेक इथेच. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नाव बदलतं. दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं, आधारवर सासरचं, पॅनवर स्पेलिंग तिसरंच. लग्नाचा नोंदणी दाखला हा या सगळ्यांना जोडणारा कागद. नसेल तर आधी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत तो करून घ्या. लग्नात मुलीचं पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्रातली नोंद लागू शकते.

आणि वय. ग्रामीण भागात पस्तीस-चाळिशीतल्या बऱ्याच लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली असते. सरोगेटचं वय २५ ते ३५ या चौकटीत मोजायचं असताना शाळा सोडल्याचा दाखला एक वर्ष सांगतो आणि आधार दुसरंच, तर फाइल परत येते. घरात “ती तेहतिशीचीच आहे” म्हणून भागत नाही. सगळ्यात आधी तिच्या शाळेतून दाखला काढून आणा.

पायरी ६: बीज कुणाचं?

या मुद्द्यावर नियम दोनदा बदलले, म्हणून जुने व्हिडिओ बघून गोंधळू नका. मार्च २०२३ मध्ये केंद्राने दात्याचं बीज वापरायला बंदी घातली. स्त्रीबीज आणि शुक्राणू दोन्ही जोडप्याचेच हवेत. ज्यांच्या शरीरात स्त्रीबीजच तयार होत नाही त्यांचं काय, असा प्रश्न उभा राहिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा एका स्त्रीला दिलासा दिला. त्यानंतर २१ फेब्रुवारी २०२४ ला नियम सुधारला. आता पती किंवा पत्नीपैकी एकाच्या आजारामुळे दात्याचं बीज लागणार असेल आणि जिल्हा वैद्यकीय मंडळाने तसं प्रमाणित केलं असेल, तर ते चालतं. पण दोघांपैकी एकाचं तरी बीज असलंच पाहिजे. विधवा किंवा घटस्फोटितेने स्वतःचंच स्त्रीबीज आणि दात्याचे शुक्राणू वापरायचे.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की दात्याची गरज असेल तर सिव्हिलच्या पहिल्याच अर्जात ते मांडा, म्हणजे मंडळापुढे दुसऱ्यांदा जावं लागत नाही. दाता नोंदणीकृत एआरटी बँकेतूनच येतो. स्त्रीबीज देणारी २३ ते ३५ वयाची असावी लागते आणि तिला आयुष्यात एकदाच देता येतं.

पायरी ७: उपचार

हा भाग डॉक्टर सांगतीलच, म्हणून थोडक्यात. पत्नीला दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मग भूल देऊन स्त्रीबीज काढणं, प्रयोगशाळेत फलन, तिकडे सरोगेटच्या गर्भपिशवीचं अस्तर औषधांनी तयार करणं आणि ठरलेल्या दिवशी गर्भ सोडणं. साधारण दोन आठवड्यांनी रक्ताची चाचणी. एका वेळी एकच गर्भ सोडायचा. विशेष परिस्थितीतच तीनपर्यंत. “दोन सोडू, जुळं झालं तर बरंच” हा सल्ला कुणी हसत दिला तरी जुळ्यांचं ओझं पेलणारी बाई तुम्ही नाही, ती आहे. एका सरोगेटवर जास्तीत जास्त तीन प्रयत्न.

संमतीपत्र तिला कळणाऱ्या भाषेत असावं आणि दुष्परिणाम समजावून सांगितलेले असावेत. दिंडोरी-पेठकडची बाई असेल आणि फॉर्म इंग्रजीत असेल, तर मराठी प्रत मिळेपर्यंत सही नको.

पायरी ८: नऊ महिने

ती कुठे राहणार हे तिने ठरवायचं. तिचं स्वतःचं मूल शाळेत जात असेल तर ते कुणाकडे राहील, हा प्रश्न बहुतेक जोडप्यांना पाचव्या महिन्यात सुचतो. पहिल्या बैठकीतच विचारा. रोज फोन करून “काय खाल्लंस?” विचारणंही जाच होतो. आठवड्यातून एक ठरलेला वार बरा.

गर्भपाताची वेळ आली तर सरोगेटची लेखी संमती आणि समुचित प्राधिकाऱ्याची परवानगी दोन्ही लागतात, आणि गर्भपाताचा नेहमीचा कायदा लागू असतोच. तिच्या इच्छेविरुद्ध जोडपं किंवा क्लिनिक गर्भपात करायला लावू शकत नाही.

पायरी ९: बाळ आल्यावर

बाळ कायद्याने तुमचंच, पोटच्या मुलासारखे सगळे हक्क त्याला मिळतात. व्यंग असो, मुलगी असो, जुळं असो, मधल्या काळात तुमचं पटेनासं झालेलं असो, कोणत्याही कारणाने बाळ नाकारता येत नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. प्रसूती कुठे होणार ते आधीच ठरवून त्या दवाखान्याच्या नोंदणी विभागाला न्यायालयाच्या आदेशाची प्रत देऊन ठेवा. नाहीतर सवयीने आईच्या रकान्यात प्रसूत झालेल्या बाईचं नाव पडतं, आणि मग दुरुस्तीसाठी महापालिकेत हेलपाटे.

रजेचं आधीच विचारून ठेवा. केंद्र सरकारी नोकरीत जून २०२४ पासून सरोगेट आणि बाळ घेणारी आई दोघींना १८० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, आणि वडिलांना १५ दिवस. दोनपेक्षा कमी हयात मुलं असण्याची अट आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत किंवा खासगी ऑफिसात बाळ हातात आल्यापासून १२ आठवडे, पण ते ज्या आईचं स्त्रीबीज वापरलं तिला. ओझरच्या एचएएलमध्ये किंवा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये असाल तर तुमच्या आस्थापनेचे नियम वेगळे असू शकतात, एचआरकडून लेखी घ्या.

सरोगेटची विमा पॉलिसी मूल साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत चालू असते. हप्ता भरायची जबाबदारी तुमची, आणि तिला पुढे काही त्रास झाला तर क्लेमसाठी धावायचीही. पॉलिसीची मूळ प्रत तिच्याकडे राहू द्या, झेरॉक्स तुमच्याकडे.